ईस्ट विंग पाडली, कामाची नोंद राहू द्या
महोदय,
अमेरिकेच्या व्हाइट हाउसमधील 'ईस्ट विंग' ही पूर्वेकडची इमारत ऑक्टोबर 2025 मध्ये नृत्यदालनासाठी जमीनदोस्त झाली. चर्चा झाली ती इमारतीची आणि खर्चाची. मला मात्र तिथे बसून राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यांची आठवण झाली.

राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला पगार नाही, पद नाही, पण काम डोंगराएवढे. 1901 मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या पत्नी एडिथ यांनी बेल हॅग्नर यांना सचिव म्हणून घेतले, तेव्हापासून या कामाला सरकारी हात लागला. 1977 मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या पत्नी रोझलिन यांनी ईस्ट विंगमध्ये स्वतःचे कार्यालय थाटले. मानसिक आरोग्य आयोगाच्या त्या मानद अध्यक्ष होत्या आणि 1979 मध्ये सिनेटच्या समितीसमोर त्यांनी साक्षही दिली. मेजवान्यांच्या याद्या करणाऱ्या खोल्यांतून असे काम उभे राहिले, हे मला फार मोलाचे वाटते. 1978 च्या कायद्याने अशा मदतनीसांना मान्यता दिली. तीही कशी, तर पत्नी 'राष्ट्राध्यक्षांना' त्यांच्या कर्तव्यात साहाय्य करते म्हणून! (पती किंवा पत्नी नसेल तर कुटुंबातील दुसऱ्या कोणाला ही मदत मिळू शकते.)

ज्या बाईकडून देश एवढे काम करून घेतो, तिचे काम कायद्यात तिच्या स्वतःच्या नावाने का येऊ नये? नव्या इमारतीत या कार्यालयाला हक्काची जागा मिळावी आणि जुन्या खोल्यांत कोणी काय काम केले, याचा फलकही तिथे लागावा.

– एक वाचक, सातारा