बिलावरचं वाक्य आणि रव्यातली जाळी

मा. संपादक,

गेल्या रविवारी राजारामपुरीतल्या एका मोठ्या किराणा मार्टमधून अर्धा किलो रवा आणि शेंगदाणे आणले, घरी येऊन शिऱ्यासाठी रवा चाळायला घेतला तर चाळणीत पांढरी जाळी आणि दोन-तीन अळ्या वळवळतायत, शेंगदाण्यांना तर खवट वास. पाकीट उलटं करून बघितलं तर तारखेच्या स्टिकरवर दुसरं स्टिकर! नखानं खरवडलं तर खालची तारीख दोन महिन्यांपूर्वीच संपलेली.

परत घेऊन गेलो. काउंटरवरचा पोरगा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "काका, बिल वाचा, विकलेला माल परत घेत नाही." मॅनेजर आले ते म्हणाले हवा दमट आहे, घरीच किडे झाले असतील. पाकीट काय मी आठवडाभर फोडून ठेवलेलं काय? आमच्या गल्लीतला दुकानदार निदान "चुकलं ओ, दुसरं न्या" तरी म्हणतो, पण तिथं एसी नाही ना.

बिलावर काहीही छापलं तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खराब माल परत घ्यायला, पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथाच धरलीय, आणि बिलात मुदत दिली नसेल तर ३० दिवस मिळतात. हे मला १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर फोन लावल्यावर कळलं, तक्रार नोंदवलीय. अन्न व औषध प्रशासनानंही हे स्टिकर एकदा खरवडून बघावेत. रवा आणि बिल जपून ठेवलंय, डबा मात्र गॅलरीत.

– एक ग्राहक, कोल्हापूर