शुगरच्या गोळीसोबत दोन ओळीही द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी ६३ वर्षांची निवृत्त शिक्षिका, महालात राहते. मधुमेहाच्या एका गोळीमुळे बायकांना नाजूक जागी होणाऱ्या त्रासाबद्दल हे पत्र आहे. या विषयावर बायका एकमेकींशीही बोलत नाहीत. माझ्या मोठ्या बहिणीला मी हे लिहिणार असल्याचे कळले, तेव्हा ती म्हणाली, "पेपरात काय छापतेस हे? लोक काय म्हणतीन?" तिचे नाव येणार नाही, असा शब्द मी तिला दिला आहे. पण गप्प राहिल्याने तिचेही नुकसान झाले आणि माझेही, म्हणून लिहिते.

मला १४ वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या आधीपासून चालू होत्या. मागच्या एप्रिलमध्ये डॉक्टरांनी त्यात एम्पाग्लिफ्लोझिन ही नवी गोळी वाढवली. हृदयाला आणि किडनीलाही चांगली आहे, म्हणाले, आणि ते खरेच आहे. पुढचा पेशंट दारात उभा होता. मी चिठ्ठी घेऊन बाहेर पडले.

तिसऱ्या आठवड्यात खाज सुरू झाली. मग लघवी करताना आग, आणि दह्याच्या कवडीसारखा पांढरा स्राव. मे महिना, पारा ४५ च्या वर, रात्रभर कूलरची दमट हवा. वाटले, घामाने झाले असेल. भजनी मंडळात जाणे सोडले, कारण तासभर मांडी घालून बसवत नव्हते. घरी कुणाला सांगितले नाही. या वयात असे काही होणे म्हणजे आपलाच काही गलिच्छपणा, असे मनाने घेतले होते. शेवटी मेडिकलमध्ये नुसते 'खाजेचे मलम' मागितले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, हे लावा, दोन दिवसांत आराम पडते." दोन दिवस पडलाही. नंतर त्रास दुपटीने उसळला. त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड होते, हे मला पुढे कळले. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते, बुरशीला मात्र मोकळे रान मिळते.

त्यातच लघवीचा रिपोर्ट आला. साखर चार प्लस, म्हणजे खूपच जास्त! मी घाबरून जेवण अर्ध्यावर आणले, भात बंद केला. तरी काही होईना, तेव्हा नवी गोळीच मनाने थांबवली. उपाशीपोटीची साखर १३० वरून २१० वर गेली.

अखेर धंतोलीतल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी तपासण्याआधीच विचारले, "शुगरची कोणती गोळी घेता?" मी चिठ्ठी दाखवली आणि त्यांनी कागदावर किडनी काढून दाखवली. मी ३० वर्षे मुलांना विज्ञान शिकवले, नेफ्रॉनची, म्हणजे किडनीतल्या बारीक गाळणीची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेन! निरोगी किडनी रोज साधारण १८० ग्रॅम ग्लुकोज गाळते आणि जवळजवळ सगळे परत रक्तात ओढून घेते. ही गोळी ते ओढणे अडवते, म्हणून मधुमेही माणसाची रोज ६० ते ८० ग्रॅम साखर लघवीवाटे बाहेर पडते. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, सगळ्यांचे काम असेच. म्हणजे चार प्लस हे गोळी काम करत असल्याचे लक्षण होते, आणि मी त्याला भिऊन उपाशी राहत होते. 'मधुमेह' या शब्दातच गोड लघवी आहे. त्या गोडव्यावर कॅन्डिडा नावाची बुरशी पोसते. ती आपल्या अंगावर असतेच, तिला फक्त खाऊ मिळतो. गोळी घेणाऱ्या दहा-पंधरा बायकांमागे एकीला तरी हा त्रास होतो, पुरुषांना कमी, पण त्यांनाही होतो. यात गलिच्छपणाचा काही संबंध नाही, हे त्यांनी सांगितले तेव्हा मी तिथेच रडले.

उपचार काय, तर बुरशीवरची औषधे: फ्लुकोनॅझोलची १५० मिलीग्रॅमची एक कॅप्सूल आणि सहा रात्री आत ठेवायच्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्या. ग्लिमेपिराइडसोबत फ्लुकोनॅझोल घेतले की साखर एकाएकी उतरू शकते, म्हणून ते दिवस ग्लुकोमीटर हाताशी ठेवायला सांगितले. मलम आणि कॅप्सूल कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नये, याचे हे एक कारण. लघवीनंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडे करायचे, सुती कपडे वापरायचे, सुगंधी साबण तिथे लावायचा नाही. आठवड्यात बरे वाटले. नेहमीच्या डॉक्टरांना सगळे सांगून गोळी पुन्हा सुरू केली. नंतर एकदाच त्रास झाला, पण त्या वेळी दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला.

एक धोका, त्या भागातला गंभीर जंतुसंसर्ग, क्वचितच होतो, पण माहीत हवा. जननेंद्रियापासून गुदद्वारापर्यंतच्या भागात दुखणे, सूज किंवा लाली आणि सोबत ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळ्यांबाबत २०१८ मध्येच तसा इशारा दिला आहे.

बहिणीने तर याच त्रासापायी अशीच गोळी आठ महिने बंद ठेवली होती. डॉक्टरांना सांगत होती, "घेते ना." माझी हकीकत ऐकली तेव्हा कुठे तिने तोंड उघडले.

मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचे भारतातले पेटंट संपले आणि किंमत एकदम उतरली. पूर्वी एका गोळीला ६० रुपयांच्या आसपास मोजावे लागत. आता ती साध्या घरांतही पोहोचते आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण म्हणूनच शहरातल्या डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की गोळी देताना हे तोंडाने सांगा. पुरुष डॉक्टरला बाई आपण होऊन सांगत नाही, तेव्हा पुढच्या भेटीत तुम्हीच विचारा. आणि पाकिटावर मराठीत एवढे चिकटवा: "या गोळीने लघवीतून साखर जाते. खाज, आग किंवा पांढरा स्राव झाल्यास गोळी मनाने बंद करू नका, लगेच सांगा."

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, महाल, नागपूर