'लेव्हल ४२'चं श्रेय एकट्या अंगठ्याला नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवार पुरवणीतल्या लेखात 'लेव्हल ४२' या ब्रिटिश बँडचं सारं यश बास गिटार वाजवणाऱ्या मार्क किंगच्या अंगठ्याच्या पदरात टाकलं आहे. अंगठा अफलातून, वाद नाही. पण १९८३ मध्ये 'द सन गोज डाउन' ब्रिटनच्या पहिल्या दहांत गेलं, १९८६ मध्ये 'समथिंग अबाउट यू' अमेरिकेत सातव्या आणि 'लेसन्स इन लव्ह' ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर पोहोचलं, ते गाणी म्हणून. गीतांमध्ये फिल आणि बून गूल्ड या भावांचा मोठा वाटा होता. वरच्या पट्टीतला तो तलम आवाज माइक लिंडपचा. शिवाय वॉली बदारू! बँडचा अधिकृत सदस्य नसूनही 'वर्ल्ड मशीन' या अल्बमचा सहनिर्माता आणि सिंथेसायझरच्या रंगांचा खरा धनी. लेखात त्याचं नावही नाही.

१९८७च्या अखेरीस गूल्ड बंधू बाहेर पडले. गॅरी हजबंड आणि अ‍ॅलन मर्फी हे कसलेले वादक आले, अंगठा तोच राहिला. पण त्यानंतर ब्रिटनच्या पहिल्या दहांत बँडचं एकही नवं गाणं गेलं नाही.

लेखाच्या चौकटीत बास शिकणाऱ्या नवशिक्यांना 'तार जोरात आपटा' असा सल्ला आहे, तो तर बोटं दुखवणारा. किंग मुळात ड्रमर; त्याचा स्लॅप (अंगठ्याने तारेवर मारून वाजवणं) दोन हातांच्या ड्रमवादनासारखा आहे. मनगट फिरवून अंगठा फ्रेटबोर्डच्या (मानेवरच्या, सूर दाबायच्या पट्टीच्या) टोकाशी तारेवर मारायचा आणि लगेच उचलायचा. तिथेच टेकला तर सूर मरतो. मधल्या मात्रांवर डाव्या हाताची बोटं आवाज बंद केलेल्या तारांवर थापायची. उजवा-डावा-उजवा, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर. वेग आपोआप येतो. बास छातीजवळ उंच बांधला की मनगट मुडपत नाही. किंगचा उंच पट्टा फॅशन नव्हे.

त्याच्या तारांची जाडी .०३०, .०५०, .०७०, .०९० इंच, म्हणजे नेहमीच्या .०४५ ते .१०५ संचापेक्षा बऱ्याच बारीक. नुसत्या तारा बदलल्या तर ताण घटून बासची मान मागे वळते आणि खुंट्यांकडच्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूपट्ट्यांवर) खरखर सुरू होते. ट्रस रॉड (मानेतली, तिचा बाक ठरवणारी सळई) पाव फेरा सैल करा, दिवसभर थांबा, मग पुन्हा तपासा. आणि बारीक तार जोरात मारली की सूर चढतो, म्हणून त्या 'जोरात'वर माझा आक्षेप.

आपला,
एक वाचक, पुणे