टॅबलेटवरचे चित्र फोटोवर गिरवू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी लागली की नागपुरात चित्रकलेच्या शिबिरांचे फलक झळकतात. त्यांत आता टॅबलेटवरच्या चित्रांचाही वर्ग असतो. पण काही ठिकाणी मोबाइलचा फोटो खालच्या लेअरवर (चित्राच्या एकावर एक थरांपैकी खालच्या थरावर) ठेवून मुलांना वरून गिरवायला लावतात, ते थांबायला हवे. मोबाइलचे भिंग रुंद कोनाचे असते. जवळून टिपलेल्या हातगाडीचे पुढचे चाक फुगते, मागचे आक्रसते आणि मूल तेच इमानेइतबारे उतरवते. त्याला गोकुळपेठच्या बाजारात किंवा सीताबर्डीवर नेऊन समोरची गाडी बघून काढू द्या.

संत्र्यांची गाडी घ्या. आधी फक्त आडवी फळी, चाके आणि ढिगाचा त्रिकोण. ढिगाच्या कडेची पाच-सहा संत्री नीट काढली की आतली डोळा आपणच भरून घेतो. नागपुरी संत्र्याची साल सैल, देठापाशी बरेचदा किंचित उचललेली. ती तबकडीसारखी गोल काढली की मोसंबी दिसते. रंगही निव्वळ नारिंगी नसतो, सावलीकडे तो तपकिरीकडे झुकतो आणि कुठे कुठे हिरवट राहतो. हे फोटोत सपाट होऊन जाते.

आता साधनांचे. रबरी टोकाच्या स्वस्त पेनला दाब कळत नाही, रेघ सगळीकडे सारखीच जाडी धरते. दाब ओळखणारे पेन हवे आणि तेही त्याच टॅबलेटला चालणारे, कुठलेही पेन कुठेही चालत नाही. दुकानातच पट्टी ठेवून एक तिरकी रेघ अगदी सावकाश ओढून बघा. ती नागमोडी आली तर तो टॅबलेट चित्रासाठी घेऊ नका. अ‍ॅपसाठी सुरुवातीलाच पैसे मोजायची गरज नाही, अँड्रॉइड टॅबलेटवर क्रिता फुकट मिळते. प्रोक्रिएट उत्तम आहे, पण ते आयपॅडवरच चालते आणि विकत घ्यावे लागते.

कॅनव्हास, म्हणजे चित्राचा कोरा कागद, सुरुवातीलाच ए-४, ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके), म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल ठेवा. लहान काढून मागाहून वाढवले की कडा फाटतात. उगाच ए-३ घेऊ नका. ए-४चा एक लेअर मेमरीत साधारण ३५ एमबी जागा खातो, ए-३चा दुप्पट. साध्या टॅबलेटवर मग पेन मागे रेंगाळते. लेअर चार पुरतात: कागदाची फिकट राखाडी छटा, रेघा, सपाट रंग आणि मल्टिप्लाय मोडमधली, म्हणजे खालचा रंग गडद करणारी, सावली. रेघ सरळ करणारे स्टॅबिलायझर कमीत कमी ठेवा. ते वाढवले की रेघ गुळगुळीत होते, पण हाताची चाल त्यातून निघून जाते.

आपल्याकडच्या उन्हाचा विचार तर करायलाच हवा. आयपॅडसाठी कंपनीने सांगितलेली बाहेरच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश आहे आणि नागपूरचा मे ४५च्या घरात जातो. टॅबलेट तापला की पडदा आपोआप मंद होतो, चार्जिंग थांबते. सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर बसा, उभ्या गाडीत टॅबलेट ठेवू नका. उन्हात पडदा काळपट दिसत असल्याने माणूस नकळत जास्त उजळ, फिके रंग उचलतो आणि घरी आल्यावर चित्र धुतल्यासारखे दिसते. म्हणून बाहेर रेघा आणि राखाडी छटाच घ्याव्यात, रंग सावलीत भरावेत. त्या वेळी पडदा पिवळट करणारा नाइट मोड आणि आपोआप बदलणारा ब्राइटनेस बंद हवा.

आता आपल्याला एक विनंती. मुलांची चित्रे मागवताना निवेदनात आकार पिक्सेलमध्ये द्यावा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र आक्रसते, तेव्हा ते पीएनजी (दर्जा न घटवणारी फाइल) करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, हेही छापावे. वृत्तपत्राचा कागद शाई पितो. त्यावर पडद्यावरचा झगझगीत नारिंगी मळकट येतो आणि काळ्या सावलीचा गोळा होतो. रेघ चार पिक्सेलपेक्षा बारीक नसावी आणि सावलीला काळ्याऐवजी गडद तपकिरी किंवा निळसर रंग वापरावा, एवढे आधी कळले तर मुले त्या हिशेबानेच चित्र काढतील.

आपला,
एक चित्रकला शिक्षक, नागपूर