एका दणक्याचा हिशेब

प्रिय सुहास,

रात्री साडेअकराला ‘लगेच बघ’ म्हणून सात नाण्यांचे फोटो पाठवलेस, तेव्हाच ओळखलं की गड्याला टांकसाळीत चुकून बिघडलेली नाणी जमवायचा नाद लागला! सगळी पाहिली. रागावू नकोस, पण त्यातल्या सहांना तुझ्या वहीतून रजा दे.

ज्याच्यावर तुझा सगळ्यात जीव जडलाय, ते उलट्या आकड्यांचं नाणं आधी घेतो. असंच एक मी वर्षभर कापसात गुंडाळून ठेवलं होतं, म्हणून दुखणं कळतं. टांकसाळीत असं होतं खरं. छापलेलं नाणं ठशाला, म्हणजे नक्षी उमटवणाऱ्या साच्याला, चिकटून राहतं आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर ठशाऐवजी त्याचीच उलटी, खोलगट छाप पडते. पण मग त्या बाजूला नेहमीची अक्षरं येणार कुठून? तुझ्या नाण्यावर ती जागच्या जागी आहेत आणि त्यांच्या उरावर उलटे आकडे बसलेत. कुणीतरी दोन नाणी व्हाइसच्या पकडीत धरून आवळली, दुसरं काही नाही. पाठ बघ, उंच नक्षी चेपून सपाट झालीय.

मी प्रत्येक नाण्याला एकच विचारतो: दोन बाजूंच्या दोन ठशांच्या एका दणक्यात हे होईल का? तिसऱ्या नाण्यावरच्या रेघेवरून नख फिरव. नख आत अडकलं तर ओरखडा. ठशालाच तडा गेला असता तर त्यात धातू शिरून रेघ वर उठली असती.

सालाचे दुहेरी आकडे भल्याभल्यांना फसवतात. ठसा घडतानाच दुहेरी झाला असेल, तर दोन्ही आकृत्या गोलसर, भरीव दिसतात आणि अक्षरांची टोकं दुभंगलेली असतात. 1955 च्या अमेरिकी सेंटवर तर हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. तुझ्याकडे आकड्याच्या कडेला सपाट पायरी आहे आणि आकडा तेवढाच बारीक झालाय. छापताना ठसा जरासा हलला, एवढंच. झालं टांकसाळीतच, पण जाणकार त्याला हिंग लावून विचारत नाहीत.

बाकीची तीन घासलेली, ठेचलेली. सोड.

आता सातवं, चंद्रकोरीसारखा घास घेतलेलं. ह्याने मात्र मला खुर्चीत सरळ बसवलं. कोरेपासून बरोबर समोरचा काठ बघितलास? तिथे तो फिका, जवळजवळ पुसट आहे. छापण्याआधी चकती फिरवत, दाबत तिचा काठ उचलून घेतात. एका बाजूला धातूच नसेल तर समोर दाब बसत नाही. शिवाय कोरेजवळची अक्षरं तुटलेली नाहीत, कोरेकडे ओघळल्यासारखी पसरलीत. कानशीने कापणाऱ्याला एवढं सुचत नाही.

तरी काट्यावर तोलून वजन कळव आणि काठाचा एक जवळून फोटो पाठव. तोवर कृपा करून ते घासूनपुसून लखलखीत करू नकोस.

तुझा,
विनय