तेरावा महिना

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, "तिकडचं कॅनडा सरकार निर्वासितांना फुकट पोसतं" असं ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर कुणीतरी ठासून सांगितलं म्हणे. माझं काम याच माणसांबरोबरचं, पण फोनवर हे नीट सांगून होत नाही, म्हणून लिहिते.

पहिलं म्हणजे, छावणीतून उठून कुणी आपला आपण अर्ज करून इथे येत नाही. नाव संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने पुढे करावं लागतं, नाहीतर इथल्या लोकांनी प्रायोजक व्हावं लागतं. मग मुलाखत, सुरक्षा तपासणी, वैद्यकीय तपासणी. जगातल्या निर्वासितांपैकी १ टक्क्याहूनही कमी लोकांना एका वर्षात अशी जागा मिळते. पाच जणांनी मिळून एका कुटुंबाचा वर्षभराचा भार उचलायचा, अशीही सोय कॅनडात आहे. प्रायोजकत्वाची ही पद्धत १९७९ साली व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसच्या लोकांसाठी जोरात सुरू झाली. पाच जणांच्या गटांचे नवे अर्ज घेणं मात्र २०२४ च्या नोव्हेंबरात थांबवलं.

विमानाचं तिकीटसुद्धा बहुतेकांना फुकट नसतं. ते सरकारी कर्ज असतं, बिनव्याजी खरं, पण फेडायचं असतं.

माणसं उतरतात तेव्हा हातात 'आयओएम' (म्हणजे आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना) छापलेली प्लॅस्टिकची पिशवी असते. सगळे कागद तिच्यात, त्यामुळे ती सामानात टाकायची नाही. त्या कागदावरचं नाव आणि जन्मतारीख पहिल्याच दिवशी वाचून घ्यायची. आपल्याकडे मास्तरांनी निम्म्या गावाला १ जून वाढदिवस दिला, तसा छावणीच्या नोंदीत अनेकांना १ जानेवारी मिळालेला असतो. स्पेलिंगचं एक अक्षर चुकलं तर तीच चूक सोशल इन्शुरन्स नंबर (नोकरी, कर आणि सरकारी भत्त्यांसाठी लागणारा क्रमांक), बँक, आरोग्य कार्ड अशी पुढे पुढे सरकते. म्हणून आधी दुरुस्तीचा अर्ज. सोशल इन्शुरन्स नंबर आला की लगेच मुलांच्या भत्त्याचा अर्ज, कारण घरभाड्याला खरा हातभार त्याचाच. उत्पन्न शून्य असलं तरी नवराबायको दोघांनी दरवर्षी कराचं विवरणपत्र भरायचं. एकाने जरी टाळलं तरी जुलैपासून भत्ता अडकतो.

घर हे सगळ्यात अवघड. आमच्या ऑन्टॅरिओ प्रांतात पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं आधीच मागतात. घरमालकाला नोकरीचं पत्र हवं असतं, जुन्या कर्जफेडीचा इतिहास हवा असतो. या माणसांकडे दोन्ही नसतं. स्वस्त म्हणून गावाबाहेर घर घेतलं, की जानेवारीत बसथांब्यापर्यंत अर्धा तास बर्फातून चालायचं. मग भाषेचा वर्ग सुटतो. वर्ग फुकट असतात, पण पाळणाघरात जागा नसली तर बाईचं नाव प्रतीक्षायादीत जातं, आणि बाप्या रात्रपाळीच्या गोदामात लागतो तो तिथेच राहतो.

उल्हासनगरला रिक्षावाला अजून "कॅम्प तीन की चार?" विचारतो. फाळणीनंतर सिंधी माणसं लष्कराच्या त्या बराकींत आली, त्यांचे हाल थोडे नव्हते, पण शेजारी आपल्या भाषेचा होता. इथे एक कुटुंब नवव्या मजल्यावर, आणि खालच्या दुकानातही आपलं बोलणं समजणारं कुणी नाही. डॉक्टरकडे दुभाषी मागून घ्यावाच लागतो. दहा वर्षांच्या पोराला मध्ये बसवलं तर त्याची आई तिचं खरं दुखणं सांगत नाही.

आता बाबांच्या 'फुकट'कडे येते. सरकारी मदत साधारण इथल्या गरिबांच्या भत्त्याएवढीच असते, आणि तीही जास्तीत जास्त १२ महिने. पुढे आपल्या म्हणीतला दुष्काळातला तेरावा महिना येतो: मदत थांबते, तिकिटाच्या कर्जाचे हप्ते सुरू होतात, आणि मागे राहिलेल्या नवऱ्याला-बायकोला किंवा मुलांना सोप्या वाटेने बोलावण्याची एक वर्षाची मुदतही तेव्हाच संपते. ही मुदत फार जणांच्या हातून निसटते. त्याहून वाईट म्हणजे मुलाखतीत भीतीपोटी एखादं मूल सांगायचं राहून गेलं, तर पुढे त्याला आणणं फार कठीण होतं. म्हणून आम्ही दहाव्या महिन्यातच घरभाडं, हप्ता आणि पगार एका कागदावर मांडायला बसवतो, आणि हप्ता झेपणार नसेल तर तो लहान करून घेण्याचं पत्र तेव्हाच पाठवतो.

आई, तू भांडी पाठवू का विचारलंस. नको गं, पातेली आणि चादरी वखारीत भरपूर आहेत. कमी पडतात ती बुटांची मोठी मापं आणि मोठ्यांचे बर्फातले कोट. ठाण्यात ते कुठे मिळायचे?

तुमची,
मनू

ता. क. बाबा, कट्ट्यावर हे पत्र वाचून दाखवलंत तरी चालेल. तिकिटाचा भाग आधी वाचा.