मुलगी असेल तर तार, मुलगा असेल तर 'राहू दे'

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात लहान मुलांच्या तब्येतीवर बरंच छापून येतं, पण दातांना तार लावायची की नाही हे घरात कसं ठरतं यावर कोणी लिहिताना दिसत नाही, म्हणून हे पत्र. मी दातांची डॉक्टर आहे. मुलीचा एक दात जरा जरी वाकडा दिसला तरी आईवडील लगेच घेऊन येतात, आणि मुलाचे वरचे दात चांगले पुढे आलेले असले तरी 'मुलगाच आहे, त्याला काय फरक पडतो' म्हणून राहून जातं. दातांची वाकडी ठेवण मुलामुलींमध्ये साधारण सारखीच आढळते, तरी कितीतरी देशांत ब्रेसेस (म्हणजे तार) लावणाऱ्यांत मुलीच जास्त असतात.

मला याचं खरंच वाईट वाटतं कारण नुकसान दोघांचंही होतं. वरचे दात पुढे असले की पडल्यावर, खेळताना धक्का लागल्यावर ते तुटायची शक्यता जास्त, आणि समोरचे दात तुटण्याचं प्रमाण मुलींपेक्षा मुलग्यांमध्येच जास्त असतं, म्हणजे ज्याला गरज जास्त त्यालाच आपण थांबवतो. खालचे दात वर टाळूला टोचत असतील, जबडा एका बाजूला सरकत असेल तर त्यात दिसण्याचा प्रश्नच नाही, तिथे हिरड्यांचं आणि चावण्याचं बघायचं असतं.

मुलींचं उलटं होतं. उपचाराची खास गरज नसताना दोन वर्षं तार आणि नंतर रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवायचं साधन), आणि त्याहून वाईट म्हणजे आपल्या चेहऱ्यात काहीतरी कमी आहे हे तिच्या मनात दहाव्या-बाराव्या वर्षीच बसतं. तिला स्वतःला काय वाटतं, हसताना ती लाजते का, हे कोणी विचारलेलंच नसतं. (विचारलं तर मुलं स्पष्ट सांगतात, मुलगेसुद्धा, फक्त आईवडिलांसमोर सांगत नाहीत.)

उपचाराची गरज ठरवायला माप आहे. १९८९ मध्ये ब्रूक आणि शॉ या दंततज्ज्ञांनी पाच पायऱ्यांचं एक कोष्टक मांडलं, त्यात वरचे दात खालच्यांपेक्षा ६ मिलिमीटरहून जास्त पुढे असतील तर चौथी पायरी आणि ९ च्या वर गेले तर पाचवी, आणि चौथी-पाचवी म्हणजे उपचार हवेतच. मुलगा की मुलगी असा रकाना त्यात कुठेच नाही.

हां, एका ठिकाणी मात्र फरक खरा आहे. मुलींची वाढ मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी जोर धरते, त्यामुळे वाढत्या जबड्याचा फायदा घेऊन करायचे उपचार मुलींमध्ये लवकर सुरू करावे लागतात. टाळूच्या बाजूला अडकलेला वरचा सुळाही मुलींमध्येच जास्त सापडतो आणि तो शेजारच्या दाताचं मूळ झिजवू शकतो, म्हणून नऊ-दहाव्या वर्षी सुळा हिरडीत हाताला लागतो का हे डॉक्टरकडून बघून घ्यायचं. बाहेरून हे काहीच दिसत नाही, म्हणून दात सरळ दिसणाऱ्या मुलीलाही दाखवून आणा.

आणि घरात मुलगा-मुलगी दोघं असतील तर तपासणीला दोघांनाही एकदमच आणा, आणि डॉक्टरांना गरज कितव्या पायरीची आहे ते दोघांसाठी वेगवेगळं विचारा.

आपली,
एक दंतवैद्य